इशाऱ्याच्या पाटीने तोटा थांबत नाही



बारावीच्या अर्थशास्त्रात घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम शिकवताना ‘उपभोक्ता विवेकशील असतो’ असे गृहीत धरतात. टोमॅटो महागला की गिऱ्हाईक पावकिलोवर येते, एवढे समजवायला ते पुरते. पण त्याच भरवशावर सामान्यांच्या बचतीचे धोरण ठरू लागले, तर आक्षेप घ्यायलाच हवा.

शेअर बाजारातल्या एफ अँड ओचे (फ्युचर्स अँड ऑप्शन्स, म्हणजे शेअर किंवा निर्देशांकाच्या पुढच्या किमतीवर बेतलेले करार) उदाहरण घ्या. ‘दहापैकी नऊ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात जातात’ हा इशारा २०२३ पासून ब्रोकरना ग्राहकापुढे ठेवावा लागतो. ॲपमध्ये लॉग-इन केले की ती पाटी येते, बटण दाबले की जाते आणि सौदे सुरू होतात. सप्टेंबर २०२४ मधील बाजार नियामक सेबीच्या अभ्यासानुसार तीन आर्थिक वर्षांत एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांवर. सलग दोन वर्षे हात पोळलेल्यांपैकी पाऊण हिश्शाहून अधिक लोक तरीही ट्रेडिंग करतच राहिले.

गृहीतक वास्तवाशी जुळते का हे पाहू नका, त्यातून काढलेले भाकीत खरे ठरते का ते पाहा, असे अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५३ मध्ये मांडले. ही कसोटी मान्य करू. विवेकशील माणूस इशारा वाचून थांबेल, निदान दोनदा बुडाल्यावर बाहेर पडेल, हे भाकीत सपशेल खोटे ठरले आहे. त्याचे कारण मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच सांगितले होते: तोट्यात असलेला माणूस खात्रीचा तोटा सोसण्याऐवजी तो भरून काढण्यासाठी आणखी मोठी जोखीम पत्करतो. ‘गेलेले तेवढे काढतो आणि बंद करतो’ हे वाक्य अनेक घरांनी ऐकले आहे.

‘माणसे सज्ञान आहेत, पैसा त्यांचा’ असा युक्तिवाद होतो. पण समोर कोण आहे? याच अभ्यासानुसार २०२३-२४ मध्ये परदेशी गुंतवणूकदार आणि प्रोप्रायटरी ट्रेडर (स्वतःच्या भांडवलावर सौदे करणाऱ्या संस्था) यांचा ९५ टक्क्यांहून अधिक नफा संगणकी अल्गोरिदममधून आला. पगारदार तरुणाची ही लढत बरोबरीची नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सेबीने कराराचे किमान मूल्य वाढवले, दर आठवड्याला संपणारे करार कमी केले. दिशा योग्य आहे. आता उत्पन्नाच्या प्रमाणात तोट्याची कमाल मर्यादा ठरवावी. माणूस जसा वागतो तसा धरूनच नियम करावेत, ही सेबीला आणि अर्थ मंत्रालयाला कळकळीची विनंती.

– अर्थशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, सातारा