कॉम्प्युटर बदलायचा की त्यातली सिस्टिम?

गेल्या काही महिन्यांत वाचकांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो आहे. घरातला कॉम्प्युटर चालतो आहे, मुले त्यावर अभ्यास करतात, पण दुकानदार म्हणतो, ‘हा आता टाकून द्या, नवा घ्या.’ खरेच घ्यावा लागेल का?

दुकानदार अगदीच खोटे बोलत नाही. 2015 साली आलेल्या विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी निरोप दिला. त्या दिवशी कोणाचाही कॉम्प्युटर बंद पडला नाही. फक्त त्यातली सुरक्षेची भोके बुजवण्याचे नेहमीचे काम थांबले. घरगुती वापरकर्त्यांना या दुरुस्त्या 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळाव्यात अशी सोय कंपनीने ठेवली, मात्र त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन नोंदणी करावी लागते. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार होतात तो दुरुस्त्यांविना वापरणे म्हणजे कडी न लावता झोपणे. तेव्हा काहीतरी करायला हवे, हे खरे.

विंडोज 11 सगळ्या जुन्या यंत्रांवर चढत नाही. त्याला किमान 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा आणि टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप लागते; इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. म्हणजे ढोबळमानाने 2018 च्या आधी घेतलेले बरेचसे कॉम्प्युटर बाद. मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा फुकटचा प्रोग्रॅम आपले यंत्र बसते की नाही ते दोन मिनिटांत सांगतो. दुकानात जाण्याआधी तो घरीच चालवून पाहा. पुष्कळदा यंत्र बसत असते, फक्त ती चिप बंद ठेवलेली असते आणि चालू करून मिळते.

नाही बसले तरी पाकीट लगेच उघडू नका. आधी घरात त्यावर कोण काय करते ते एका कागदावर लिहा. अब्बा बँकेचे पाहतात, मुलगी बालभारतीची पुस्तके पीडीएफमध्ये वाचते, मुलगा व्हिडिओ पाहून गणित शिकतो, अम्मी ईदला काढलेले फोटो साठवते, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो. यातले जवळजवळ सगळे ब्राउझरमध्ये होते. त्याला विंडोज 11 लागत नाही, विंडोजसुद्धा लागत नाही.

इथे लिनक्सचा विचार करावा असे माझे मत आहे. 1991 साली लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने सुरू केलेली ही सिस्टिम आज फुकट आणि उघडपणे वाटली जाते. केरळच्या सरकारी शाळांत मुले वर्षानुवर्षे तिच्यावरच शिकत आली आहेत, तेव्हा ती फक्त इंजिनिअर लोकांची आहे ही समजूत सोडून द्यावी. घरासाठी ‘लिनक्स मिंट’ हा प्रकार सोपा. त्याची मांडणी विंडोजसारखीच, खाली पट्टी आणि कोपऱ्यात मेन्यू. 4 जीबी रॅमवर तो चालतो. मिंट 22 ला 2029 पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. सर्वांत मोठी सोय अशी, की पेन ड्राइव्हवरून तो न बसवताच चालवून पाहता येतो. वायफाय लागते का, आवाज येतो का, घरचा प्रिंटर छापतो का, हे सगळे आधी तपासा. प्रिंटरवर गाडी अडते, हा अनुभव अनेकांचा आहे.

जुने यंत्र फारच रेंगाळत असेल तर दोष सिस्टिमपेक्षा फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी एसएसडी बसवली की तेच यंत्र ओळखू येत नाही. हा खर्च नव्या लॅपटॉपच्या मानाने फारच थोडा आहे.

आता अडचणींकडे. मराठी टायपिंगची अडचण नाही. इनस्क्रिप्ट कळपाट दोन्हीकडे सारखाच. उर्दूचे मात्र नीट पाहावे लागते. आपल्याकडे निकाहाच्या पत्रिका, मदरशाचे जाहीरनामे, जलशाची पोस्टर्स हे सगळे इनपेजमध्ये होते, आणि इनपेज विंडोजचा प्रोग्रॅम आहे. नस्तालीक संगणकावर आणणे हे मुळातच अवघड काम होते. 1981 साली मिर्झा अहमद जमील यांनी नूरी नस्तालीक तयार केला तेव्हा हजारो अक्षरजोड एकेक करून उतरवावे लागले. आज युनिकोडमध्ये ‘नोटो नस्तालीक उर्दू’सारखा फुकट फॉन्ट आहे आणि मुलांचा निबंध त्यात छान होतो. पण जुन्या इनपेज फाइली दुसरीकडे सरळ उघडत नाहीत. ज्या घरात कोणी उर्दू डीटीपीवर चार पैसे कमावते तिथे विंडोजच ठेवा. टॅली वापरणारे, डिजिटल सहीचा डोंगल लावून अर्ज भरणारे, एमएससीआयटीसाठी वर्ड-एक्सेलचा सराव करणारे, यांनाही माझा सल्ला हाच. लिबरऑफिस वर्डच्या फाइली उघडते, पण परीक्षेच्या वेळी बटण कुठे आहे ते शोधत बसायला नको.

विंडोज घ्यायचेच तर परवाना असलेले घ्या. ‘अडीचशेत टाकून देतो’ म्हणणाऱ्याच्या पेन ड्राइव्हमध्ये काय आहे हे त्यालाही ठाऊक नसते, आणि हक्काचा प्रश्न वेगळाच.

हप्त्यांबद्दलही पत्रे आली आहेत. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे बिनव्याजी, असे समजून बरेच जण निश्चिंत होतात. शून्य टक्के व्याजाच्या योजनांमध्ये व्याज लपवलेले असते म्हणून रिझर्व्ह बँकेने 2013 मध्ये त्यांना मनाई केली. आज जे चालते त्यात बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट किमतीत देतो. क्रेडिट कार्डावर त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे कागदावर व्याज असते. ज्यांना ते नको त्यांनी रोख जमेपर्यंत थांबावे. तोवर जुन्या यंत्रावर लिनक्स चालवता येईलच.

सिस्टिम बदलली की घराच्या सवयीही थोड्या बदलाव्या लागतात. एकाच खात्यात सगळे घर बसते, हे मला पटत नाही. प्रत्येकाचे वेगळे खाते असावे, पासवर्डसह, आणि नवे प्रोग्रॅम टाकण्याचे अधिकार फक्त एका मोठ्या माणसाकडे. जाणत्या मुलीच्या वह्या कोणी चाळत नाही, तशाच तिच्या फाइलीही चाळू नयेत. लहान मुलांसाठी मात्र कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीतच बरा.

आणि बसवण्याआधी एक गोष्ट विसरू नका. नवी सिस्टिम टाकताना डिस्क पुसली जाऊ शकते. फोटो, आधारची स्कॅन, मशिदीच्या ट्रस्टचे हिशोब, सगळे बाहेर काढून घ्या आणि ते उघडते आहे हे दुसऱ्या यंत्रावर पाहा. एसएसडी बसवलीत तर जुनी हार्ड डिस्क दुकानातच सोडून येऊ नका. यूएसबीच्या छोट्या केसमध्ये घालून मिळते. कपाटात ठेवा आणि दर महिन्याला तिच्यावर नव्या फाइलींची प्रत करा.