माणशी अर्धा एकर

दिवाळीच्या फराळात राजकारण काढू नये असा आमच्या घरचा दंडक आहे. पण बारामतीकडे फराळाला बसले की पाण्याचा विषय निघतोच, आणि पाणी म्हणजे राजकारण नव्हे असे म्हणण्याची तिकडे कुणाची छाती नाही. पाडव्याला आम्ही दाजींकडे होतो. दाजींचे वीस एकर नीरेच्या डाव्या कालव्याखाली, सगळा ऊस. पलीकडे त्यांचा भाचा बसला होता. तो इंदापूर तालुक्यातला, कालव्याच्या शेपटाकडचा. त्याच्याकडे पाटाचे पाणी पाहुण्यासारखे येते: निरोप आधी, पाहुणा मागाहून, आणि एखादे वेळी नुसता निरोपच.

चकली मोडता मोडता भाच्याने पाणी पंचायतीचे नाव काढले.

जाणत्या वाचकांना ती ठाऊक असेल. 1972 च्या दुष्काळात पुण्याचे एक कारखानदार, विलासराव साळुंखे, पुरंदर तालुक्यात गेले. तेथे चांगली शेतकरी माणसे दुष्काळी कामावर खडी फोडीत बसलेली त्यांना दिसली. साळुंखे स्वतः इंजिनियर. त्यांनी नायगावला देवस्थानची चाळीस एकर माळजमीन खंडाने घेतली, बांध घातले, पावसाचे पाणी अडवले आणि कुसळाच्या जागी पीक उभे करून दाखवले. पुढे ग्राम गौरव प्रतिष्ठान निघाले. पण बंधारे बांधणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. साळुंख्यांचे खरे धाडस पाणी अडवण्यात नव्हते, वाटण्यात होते.

त्यांनी ठरवले, पाणी जमिनीला द्यायचे नाही, माणसाला द्यायचे. घरातल्या माणशी अर्ध्या एकरापुरते पाणी, आणि घर कितीही मोठे असले तरी अडीच एकरांच्या वर नाही. शंभर एकरवाल्यालाही तेवढेच. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही, तो पंचायतीकडे परत. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनी आपल्या खिशातून घालायचा. फुकटचे पाणी कुणी जपत नाही, हे साळुंख्यांनी ओळखले होते. आणि ज्याला गुंठाभर जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. तो त्याने दुसऱ्याच्या रानात वाट्याने लावावा.

"हे पुरंदरच्या माळावर ठीक," दाजी म्हणाले. "आमची बागायत. आम्ही पाणीपट्टी भरतो."

दाजींचे बोलणे अगदीच खोटे नाही. त्यांच्या पणजोबांनी माळरान फोडून हा मळा केला. पण कालवा काही पणजोबांनी खणला नव्हता. 1876-77 च्या दुष्काळाने हा मुलूख होरपळला, त्यानंतर दुष्काळाला आधार म्हणून हा कालवा झाला आणि 1885 च्या सुमारास पाणी वाहू लागले. ज्वारी-बाजरी वाचवायची म्हणून आणलेले पाणी उसाने केव्हा गिळले हे कुणाला कळलेही नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी ब्लॉकची पद्धत सुचवली: ठराविक क्षेत्राच्या तिसऱ्या हिश्श्यातच ऊस, बाकी हलकी पिके, म्हणजे पाणी अधिक गावांना पुरेल आणि जमिनीही पाणथळ व्हायच्या नाहीत. म्हणजे उसाला वेसण घालायचा विचार काही पुरंदरच्या माळावर पहिल्यांदा सुचलेला नाही. तो याच कालव्यावर जन्मला आणि याच कालव्यावर निजला. 1910 साली पुण्याच्या शेतकी कॉलेजच्या हॅरॉल्ड मॅन यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली. म्हणजे कालव्याला पंचवीस वर्षे होतात न होतात तोच जमिनी मिठाने पांढऱ्या पडू लागल्या होत्या.

हे मी सांगत असताना दाजी कुठे पाहत होते ते मला दिसले. त्यांच्या मळ्याच्या खालच्या कोपऱ्यात दोन एकर चोपण झाले आहे. तेथे आता बाभळीसुद्धा धड येत नाहीत.

"मामा, मी तुमचे पाणी मागत नाही," भाचा म्हणाला. "माझ्या घरी चार माणसे. हिशेबाने दोन एकर होतात. दोन एकर भिजले तरी मी दुसऱ्याच्या दारात जाणार नाही."

असो. साळुंखे 2002 साली गेले. पुरंदरमध्ये त्यांच्या पद्धतीने पुष्कळ गावांनी पाणी वाटून घेतले, पण कालव्याच्या बागायतीत ती वाटणी काही उतरली नाही. उतरणार तरी कशी? धरण बांधायला सरकार लागते. आपल्या ताटातली पोळी दुसऱ्याच्या ताटात ठेवायला सरकारचा काही उपयोग नाही.

इतक्यात दाजींचा सालगडी पाडव्याचा नमस्कार करायला आला. दाराशी उभे राहून त्याने सगळे ऐकले असावे. काकूंनी दिलेला लाडू हातात धरून तो म्हणाला, "मालक, रान नसलं तरी पाणी मिळतं म्हणता, ते कसं?"

भाच्याने सांगितले. सालगड्याने बोटांवर मोजले. तो, बायको, म्हातारी आई, दोन पोरे: पाच माणसे. अडीच एकर.

दाजींच्या घरीही पाचच माणसे आहेत. ते कुणी मोजले नाही, म्हणजे मोठ्याने मोजले नाही.

दाजींनी पानाचा डबा पुढे ओढला, सुपारी कातरली आणि बऱ्याच वेळाने सालगड्याला म्हणाले, "आपली पाळी आज रात्री दोनला आहे. बॅटरी चार्ज करून ठेव. आणि खालच्या चोपणाकडचं दार बंद कर, तिकडं पाणी जाऊ देऊ नको."