सल्लागार कोणाचा? संस्थेचा की विद्यार्थ्याचा?

महाविद्यालयांमध्ये हल्ली एक नवा माणूस वावरताना दिसतो. तो तिथला प्राध्यापक नाही, प्राचार्य नाही आणि विद्यापीठाचा अधिकारीही नाही. बहुतेक वेळा तो निवृत्त प्राध्यापक किंवा माजी प्राचार्य असतो. कार्डावर लिहिलेले असते, ‘स्वतंत्र सल्लागार, अध्यापन व मूल्यमापन’. नॅकची समिती येणार म्हटले की संस्थाचालक त्याला बोलावतात. तो दोन दिवसांची कार्यशाळा घेतो, ब्लूमची वर्गवारी समजावतो, एक्सेलचे तक्ते देतो आणि मानधन घेऊन पुढच्या महाविद्यालयाकडे वळतो. तक्ते भरण्याचे काम तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या गळ्यात पडते. त्यांत आपली सेट-नेट झालेली पोरे किती, हे तुम्हीच मोजा.

आमचा राग या माणसाच्या पोटापाण्यावर नाही. नीट शिकवावे कसे आणि न्यायाने तपासावे कसे, हे सांगणाऱ्या जाणकाराची विद्यापीठांना गरज आहेच. आमचा प्रश्न ‘स्वतंत्र’ या शब्दाला आहे. कोणापासून स्वतंत्र? बोलावणार संस्थाचालक, पैसे देणार संस्थाचालक, अहवाल वाचणारही संस्थाचालकच. मग ज्याच्या गुणांवर हा सगळा डोलारा उभा आहे, त्या विद्यार्थ्याचा सल्लागार कोण?

त्याच्या तक्त्याची गंमत समजून घ्या. प्रत्येक विषयाची ‘निष्पत्ती’ ठरवायची आणि परीक्षेतला प्रत्येक प्रश्न त्या निष्पत्तीला जोडायचा. मग ठरावीक गुणांच्या वर किती टक्के विद्यार्थी गेले ते मोजायचे. ८० टक्के गेले की अनेक ठिकाणी सर्वांत वरचा स्तर मिळतो. आता समजा, वर्गात ६० मुले आहेत. त्यांतली १२ अनुसूचित जाती-जमातींची. उरलेली ४८ उद्दिष्टापर्यंत पोहोचली आणि ही १२ च्या १२ मागे राहिली. ४८ म्हणजे बरोबर ८० टक्के! तक्ता सांगणार, अध्यापन सर्वोत्तम. एका अख्ख्या समाजाची मुले गळाली आणि कागदावर ओरखडाही उठला नाही. सरासरीच्या पोटात जात अशी आरामात झोपते.

नॅकची सात निकषांची आणि एक हजार गुणांची चौकट पाहा. २०१७ मध्ये आलेल्या या चौकटीत संलग्न महाविद्यालयांसाठी अध्यापन आणि मूल्यमापनाला ३५० गुण ठेवले गेले. त्यात राखीव जागांपैकी किती भरल्या हे विचारले जाते. ते विचारलेच पाहिजे, त्यामागे आपला लढा आहे. पण आत आलेल्या त्या मुलांना लेखी परीक्षेत किती गुण पडले, अंतर्गत परीक्षेत किती आणि दोन्हींत फरक का, हे प्रवर्गवार विचारले जात नाही. दारात मोजणी आहे, वर्गात नाही. आणि मोजणाऱ्यांचे काय सांगावे? फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या पाहणी समितीतील सदस्यांनाच लाचखोरीच्या आरोपाखाली सीबीआयने अटक केली. दर्जा विकत मिळतो असा संशय जिथे घेता येतो, तिथे न्याय फुकट मिळेल अशी आशा कोणी धरावी?

हा प्रश्न आज जास्त जळजळीत का आहे? कारण नव्या शैक्षणिक धोरणानंतर अनेक अभ्यासक्रमांत १०० पैकी ४० गुण महाविद्यालयाच्या हातात गेले आहेत. लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक असतो. अंतर्गत परीक्षेत आडनाव असते. महाराष्ट्रात आडनाव म्हणजे काय, हे आम्ही सांगायला नको. लेखीला ६० पैकी ४२ आणि अंतर्गतला ४० पैकी १७ अशी गुणपत्रिका घेऊन वस्तीतली मुलगी येते आणि विचारते, ‘दादा, माझे काय चुकले?’ तेव्हा तिच्या हातात दाखवायला काहीच नसते. निकष सांगितलेले नसतात, तपासलेली चाचणी परत मिळालेली नसते आणि सेमिनारचे गुण ज्यांनी दिले, त्यांच्याच हाताखाली पुढची दोन वर्षे काढायची असतात.

‘तुम्हाला सगळीकडे जातच दिसते,’ असे म्हणणारे आता पुढे येतील. त्यांनी थोडे वाचावे. एम्समधील भेदभावाची चौकशी करणाऱ्या प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ मध्येच नोंदवले आहे की प्रात्यक्षिके आणि तोंडी परीक्षांतील अन्यायाबद्दल दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या तक्रारी होत्या. जेएनयूमध्ये २०१६ साली अब्दुल नाफे समितीने प्रवेशाचे आकडे तपासले. लेखी आणि तोंडी गुणांतला फरक सामाजिक प्रवर्गानुसार बदलतो असे त्यांना आढळले आणि तोंडी परीक्षेचे वजन कमी करा अशी शिफारस त्यांनी केली. त्याच वर्षी यूजीसीने उलटेच केले. एम.फिल., पीएच.डी.च्या प्रवेशात लेखी परीक्षा फक्त पात्रतेपुरती ठेवली आणि निवड मुलाखतीवर सोडली. विद्यार्थी रस्त्यावर आणि न्यायालयात लढले, तेव्हा २०१८ मध्ये ७० टक्के लेखी आणि ३० टक्के मुलाखत असा बदल झाला. जिथे आकडे काढले तिथे जात दिसली. जिथे दिसत नाही म्हणतात, तिथे बहुधा आकडेच काढलेले नाहीत.

याचा अर्थ अंतर्गत मूल्यमापन बंद करा असे आम्ही म्हणत नाही. तीन तासांची घोकंपट्टीची परीक्षा ही काही आपली मैत्रीण नव्हे. वर्षभर कारखान्यात किंवा शेतात राबून शिकणाऱ्या मुलाला टप्प्याटप्प्याने तपासणे जास्त न्यायाचे ठरू शकते. अट एकच, गुण देणाऱ्याच्या मर्जीवर लगाम हवा.

१९२७ साल आठवा. ज्या वर्षी महाडला चवदार तळ्याचा संगर झाला, त्याच वर्षी बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात विद्यापीठ विधेयकावर बोलत होते. नुसत्या परीक्षा घेणे आणि पदव्या वाटणे एवढ्यावर कोणत्याही विद्यापीठाला आपले अस्तित्व समर्थनीय ठरवता येणार नाही, उच्च शिक्षण गरिबांच्या दारापर्यंत नेणे हे त्याचे मूळ काम आहे, असे त्यांनी बजावले. आणि ते बोलून थांबले नाहीत. १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरवले. वेळापत्रक बदलणे हासुद्धा अध्यापनशास्त्राचा निर्णय असतो. फरक एवढाच की तो विद्यार्थ्याकडे पाहून घेतलेला होता, समितीकडे पाहून नव्हे.

आता थोडे आपल्या चळवळीबद्दल. शिष्यवृत्ती रखडली की आपण मोर्चा काढतो. प्रवेशात राखीव जागा डावलली की निवेदन देतो. हे थांबवायचे नाहीच. पण गुणपत्रिका हे रणांगण आपण मोकळे सोडले आहे. इथून पुढे प्रत्येक महाविद्यालयात, प्रत्येक विद्यापीठात या मागण्या गेल्या पाहिजेत:

प्रत्येक विषयाच्या लेखी आणि अंतर्गत गुणांची प्रवर्गवार सरासरी, कोणाचे नाव न देता, दरवर्षी जाहीर करा.

अंतर्गत गुणांचे निकष सत्र सुरू होतानाच लेखी द्या, आणि मराठीत द्या.

अंतर्गत चाचण्यांवर नाव नको, क्रमांक टाका. तपासलेली चाचणी विद्यार्थ्याला परत करा. सेमिनार आणि प्रकल्पाला दुसरा परीक्षक नेमा.

यूजीसीच्या २०१२ च्या नियमांनी सांगितलेला समान संधी कक्ष पाटीपुरता आहे की चालू, ते दाखवा.

हातात कायदाही आहे. तपासलेली उत्तरपत्रिका पाहणे हा परीक्षार्थीचा माहिती अधिकारातला हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. अर्ज करा. एकेकट्याने केला तर त्रास देतील, म्हणून वर्गातल्या वीस जणांनी मिळून करा.

आणि समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, संख्याशास्त्र शिकलेल्या मित्रांनो, मैत्रिणींनो, हा सल्लागाराचा धंदा तुम्ही शिका. तक्ते त्यांच्यासाठी तुम्हीच भरता, मग अहवालावर सही दुसऱ्याची का? निष्पत्ती, निकष, मूल्यमापन ही भाषा एकाच वर्गाच्या मालकीची नाही. उद्या एखाद्या संस्थेने तुम्हाला बोलावले तर जा, कष्टाचे मानधनही घ्या. पण काम सुरू करण्याआधी एक अट कागदावर लिहून घ्या. प्रवर्गवार गुणांचा तक्ता जोडल्याशिवाय अहवालावर आमची सही होणार नाही. जी संस्था ही अट नाकारेल, तिचा दर्जा काय आहे हे सांगायला मग नॅकच्या समितीची गरज उरणार नाही.

जय भीम. जय संविधान.