माहिती सामान्यांची, दंड सरकारच्या तिजोरीत

खासगीपणाची चिंता हा सुखवस्तू वर्गाचा चोचला आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल विणणाऱ्या यंत्रमाग कामगाराला त्याचे काय, असे म्हणण्याची प्रथा पडली आहे. ही समजूत चुकीची तर आहेच, शिवाय ती धनिकांच्या सोयीची आहे. सोलापुरात २०१९ साली टॉवेलचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. अशा प्रदर्शनांच्या आणि मोठ्या कार्यक्रमांच्या दाराशी आज नाव, मोबाईल क्रमांक, कित्येकदा छायाचित्र आणि आधारची प्रतही मागितली जाते. प्रवेश 'मोफत' म्हणवला जातो. वस्तुतः माहिती हेच त्याचे मोल असते. ती चोरीला गेली, तर ज्याच्या खात्यात एका पगाराचीच शिल्लक आहे, त्याची फसवणूक कोण भरून देणार?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, संसदेने वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा केला. सुरक्षिततेची पुरेशी व्यवस्था न ठेवणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत आणि माहितीफुटीची खबर न देणाऱ्यास २०० कोटींपर्यंत दंड त्यात आहे. आकडे डोळे दिपवणारे आहेत. परंतु हा दंड जमा होणार भारताच्या संचित निधीत! ज्याची माहिती फुटली, त्याच्या पदरी एक पैसाही पडणार नाही. उलट त्याची तक्रार खोटी वा क्षुल्लक ठरली, तर त्यालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल. मंडळाच्या अखत्यारीतील बाबींसाठी दिवाणी न्यायालयाचे दारही बंद केले आहे. जखम एकाची आणि मलमाचे पैसे दुसऱ्याला, असा हा न्याय आहे.

जुन्या कायद्याची स्थिती काय? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ अन्वये निष्काळजी संस्थेकडून नुकसानभरपाई मागता येते. केवळ कंपनीच नव्हे, भागीदारी पेढी आणि एकट्याच्या मालकीचा धंदाही त्यात येतो. पाच कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतात. हे कलम तोकडे आहे. त्याचे संरक्षण बँकेचा तपशील, बोटांचे ठसे, आरोग्याची माहिती अशा 'संवेदनशील' बाबींपुरतेच आहे. तरी भरपाईचे तत्त्व त्यात आहे. नव्या कायद्याने नेमके हेच कलम रद्द करण्याची तरतूद केली असून, नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेनुसार ती अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, अमलात यावयाची आहे.

उद्योगांवर भरपाईचा बोजा नको, असा युक्तिवाद केला जातो. अमेरिकेत एमजीएम या हॉटेले, जुगारघरे व कार्यक्रमगृहे चालवणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांची माहिती २०१९ आणि २०२३ साली चोरीस गेली. ग्राहकांनी सामूहिक दावा केला आणि २०२५ मध्ये साडेचार कोटी डॉलरची तडजोड झाली. बाधित होते सुमारे पावणेचार कोटी. डोईचा वाटा जेमतेम सव्वा डॉलरचा. रक्कम नगण्यच, परंतु भांडवलशाहीच्या त्या बालेकिल्ल्यातही पैसा बाधितांसाठी आहे, हे मान्य झाले. समाजवादाची शपथ संविधानाच्या उद्देशिकेत वाहणाऱ्या देशात ते का मान्य होऊ नये?

म्हणून मागणी स्पष्ट हवी: कलम ४३-अ रद्द करू नये, त्याचे संरक्षण सर्व वैयक्तिक माहितीला द्यावे, दंडातून बाधितांना भरपाई मिळावी, आणि कामगार संघटनांना सभासदांच्या वतीने सामूहिक तक्रारीचा अधिकार असावा. मे २०२७ पर्यंतचा अवधी हाताशी आहे. माहिती कशासाठी घेता आणि केव्हा पुसणार, हा प्रश्न प्रत्येक दाराशी विचारण्याची सवय कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत लावली पाहिजे. तोंड बंद ठेवून हक्क मिळाल्याचे उदाहरण श्रमिकांच्या इतिहासात नाही.