कॅल्शियमच्या बाटलीतली गोळी

परवा बचत गटाची बैठक संपली, सगळ्या जणी पांगल्या. एक मात्र मागे रेंगाळली. ‘ताई, जरा बोलायचं होतं,’ म्हणाली आणि रडायलाच लागली. ती एचआयव्हीची औषधं घेते, हे गटात फक्त मला ठाऊक. नवरा गेल्यावर ती सासूजवळच राहते. सासूला यातलं काही माहीत नाही. म्हणून एआरटी केंद्रातून मिळणाऱ्या गोळ्या ती कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवायची. त्या दिवशी सासूचे गुडघे ठणकत होते. सुनेच्या बाटलीतली एक गोळी त्यांनी खुशाल घेऊन टाकली!

आम्ही लगेच केंद्रात फोन केला. एका गोळीने घाबरायचं कारण नाही, पण लक्ष ठेवा, असं तिथून सांगितलं. सासूबाईंना काही झालं नाही. माझ्या डोक्यातून मात्र ती बाटली जाईना. तिला विचारूनच हे लिहिते आहे.

सरकारने ही औषधं मोफत द्यायला १ एप्रिल २००४ पासून सुरुवात केली. त्या वेळच्या गोळ्यांनी कुणाचे गाल बसायचे, कुणाच्या पायांना मुंग्या यायच्या. आज बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं मिळून दिवसाला एकच गोळी असते. २०१७ पासून तर सीडी-४ किती आहे याची वाट न बघता, निदान झालं की उपचार सुरू करायचे असं धोरण आहे. गोळी नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, की शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. केवढी मोठी गोष्ट!

म्हणजे औषध सुधारलं, पण आपली घरं तिथंच राहिली. खरा धोका आता गोळीत कमी आणि तिच्या लपवाछपवीत जास्त आहे.

कसा, ते बघा. ॲसिडिटी झाली की आपण गुलाबी औषधाचे दोन घोट घेतो. पण त्यातल्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियममुळे डोल्युटेग्राविर अंगी लागत नाही. ते घ्यायचंच असेल, तर एचआयव्हीची गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी लागते. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचंही रिकाम्या पोटी हेच होतं. जेवणाबरोबर मात्र दोन्ही एकदम चालतात. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचा डोस बघावा लागतो. क्षयाच्या उपचारात रिफाम्पिसिन असेल, तर डोल्युटेग्राविरचा दुसरा डोस लागतो. टेनोफोविर चालू असताना अंगदुखीच्या गोळ्या सारख्या घेतल्या तर मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. गल्लीतल्या डॉक्टरांना आपण एआरटीचं सांगितलंच नाही, तर त्यांनी हे ओळखायचं कसं?

लग्नकार्यात, माहेरी गेल्यावर ‘कुणी बघेल’ म्हणून गोळी चुकते, तेही यातलंच. एखादी चुकली तर आठवताच घ्यावी. पुढची वेळ जवळ आली असेल तर दोन एकदम घेऊ नयेत. वारंवार चुकली, की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. आणि बरं वाटतंय म्हणून किंवा कुणी ‘मुळापासून बरं करतो’ म्हणाला म्हणून गोळी आपल्या मनाने कधीच बंद करू नये.

पण सगळा दोष बाईच्या माथी मारून कसं चालेल? २०२२ च्या जुलैत औषधांच्या तुटवड्यामुळे एचआयव्हीसह जगणारी माणसं दिल्लीत ‘नॅको’च्या कार्यालयात धरणं धरून बसली होती. महिन्याऐवजी थोड्याच दिवसांच्या गोळ्या हातात पडत होत्या. रोजंदारी बुडवून, एसटीचं भाडं भरून येणाऱ्या बाईने पुन्हा पुन्हा चकरा कशा मारायच्या? २०१७ चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर २०१८ मध्ये लागू झाला, पण त्यातही सरकारने औषध ‘शक्य तितके’ पुरवावे असेच शब्द आहेत. आपण मात्र बाईला सांगतो, एकही दिवस चुकवू नकोस!

याच कायद्याने भेदभावाला बंदी केली आहे आणि संमतीवाचून कुणाचा आजार उघड करायलाही. मैत्रिणींनो, म्हणून कुणाच्या पर्समधली बाटली दिसली तर खोदून विचारू नका. आणि ज्या ही गोळी घेतात त्यांना माझं सांगणं एवढंच, की साऱ्या गावाला सांगायची गरज नाही. पण औषध लिहून देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला सांगा. शंका आली तर एआरटी केंद्र आहे, १०९७ हा मोफत फोन आहे.

आमच्या मैत्रिणीच्या गोळ्या आता त्यांच्या मूळ बाटलीत, कुलपाच्या पेटीत असतात. सासूला सांगायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल. पण ते कुलूप लावायची वेळ तिच्यावर कुणी आणली, याचा विचार तुम्ही-मी करायला नको का?