जांभळाची काढणी आणि सुरक्षा पट्ट्याची निवड

मृगाच्या पहिल्या सरींच्या आगेमागे उल्हास नदीच्या खोऱ्यात जांभूळ पिकते. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन लाभल्यापासून या फळाचा लौकिक वाढला आहे. शिरगाव व आसपासच्या गावांत नव्या इमारतींच्या गर्दीत उरलेल्या जुन्या झाडांनाही त्यामुळे मोल आले आहे. ही गोष्ट आनंदाची खरीच. तथापि फळाचे मोल वाढले, तसे ते फळ उतरविणाऱ्या माणसाच्या जिवाचे मोल वाढले आहे काय, या प्रश्नाचा विचार बागायतदारांनी हंगामापूर्वीच करणे अगत्याचे आहे.

आंबा झेल्याने जमिनीवर उभे राहून उतरविता येतो. जांभळाचे तसे नाही. त्याचा घोस एका वेळी पिकत नाही. पिकलेले दाणे तेवढे निवडून काढावे लागतात, आणि एकाच झाडावर हंगामात अनेक वेळा चढावे लागते. फांदी हलवून फळ खाली पाडले, तर ते फुटते किंवा मातीने माखते, आणि एकदोन दिवसांपलीकडे न टिकणाऱ्या या नाजूक मालाला मग बाजारात भाव मिळत नाही. म्हणून कमरेला झोळी बांधून माणूस झाडावर चढतो. जुने झाड पन्नास-साठ फूट सहज उंच असते. फळे बारीक फांद्यांवर लगडतात, आणि जांभळाची फांदी ठिसूळ असते. ती वाकून इशारा देत नाही, एकदम कडाडते. त्यात पावसाने साल निसरडी झाली, म्हणजे अनुभवी माणसाचाही पाय सुटतो.

वीस फुटांवरून पडणारा माणूस जमिनीवर आदळतो, तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे ३९ किलोमीटर असतो. पडण्यास लागणारा वेळ सव्वा सेकंदाहूनही कमी. एवढ्या अवधीत दुसरी फांदी पकडता येईल, ही समजूत भ्रामक आहे. पाठीचा कणा मोडलेला माणूस वाचला, तरी बहुधा पुन्हा झाडावर चढत नाही. पुष्कळदा तो चालतही नाही. त्याच्यामागे त्याचे कुटुंबही अंथरुणाशी बांधले जाते.

कमरेची दोरी पुरेशी नाही

कित्येक ठिकाणी कमरेला दोरी गुंडाळून तिचे टोक फांदीला बांधण्याची चाल आहे. काहीच नसण्यापेक्षा हे बरे, असे वरवर वाटते. परंतु पडताना सारा झटका एकट्या कमरेवर येतो. शरीर मध्येच दुमडते, पोटातील इंद्रियांना व मणक्याला इजा होते, आणि दोरी वर सरकून छाती आवळली गेल्यास श्वास कोंडतो. यास्तव खांद्यांवरून, छातीवरून आणि दोन्ही मांड्यांभोवती जाणारा पूर्ण शरीराचा पट्टा, ज्यास बाजारात फुल बॉडी हार्नेस म्हणतात, तोच ग्राह्य समजावा. पडण्याचा भार त्यात मांड्या, नितंब व खांदे यांवर वाटला जातो आणि माणूस उभ्या स्थितीत लोंबकळतो.

याच निष्कर्षावर परदेशातील शिकारीही आले आहेत. आपल्याकडे मचाणावरून होणारी शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने इतिहासजमा झाली. अमेरिकेत मात्र हरणांच्या शिकारीसाठी झाडावर आसन बांधून बसण्याची प्रथा अद्याप आहे. तेथेही पूर्वी एकेरी कमरपट्टा वापरीत. आता पूर्ण शरीराचाच पट्टा वापरावा, अशी शिकवण दिली जाते. तेथील दुसरा धडा अधिक मोलाचा आहे. धोका केवळ वर बसलेले असताना नसतो. चढताना, उतरताना आणि एका आधारावरून दुसऱ्यावर पाय टाकताना तो फार असतो. म्हणून जमिनीवरून पाय उचलल्यापासून तो पुन्हा जमिनीस लागेपर्यंत माणूस दोरास जोडलेलाच असला पाहिजे.

पट्टा घेताना काय पाहावे

पट्ट्यावर भारतीय मानक ३५२१ चा उल्लेख, निर्मितीचा महिना व वर्ष आणि किती वजनापर्यंत तो चालतो, हे स्पष्ट छापलेले असावे. वजनात माणसासोबत भरलेली झोळी व कोयता यांचाही हिशेब धरावा. पडणे अडविणारी कडी पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मध्ये असावी. कमरेच्या दोन्ही बाजूंस आणखी दोन कड्या असल्यास खोडाभोवती आखूड दोर टाकून दोन्ही हात मोकळे ठेवता येतात. मात्र त्या कड्या केवळ तोल सांभाळण्यासाठी आहेत, पडणे अडविण्यासाठी नव्हेत, हे विसरू नये. आकडा आपोआप मिटणारा व दुहेरी कुलपाचा असावा. साधा उघडा आकडा फांदीला घासून सुटू शकतो.

पट्टा दुकानातच अंगावर चढवून पाहावा. मांडीच्या पट्ट्याखाली सपाट तळहात जावा, पण मूठ जाऊ नये. बारीक अंगकाठीच्या माणसास ढगळ पट्टा दिला, तर उलटे लोंबकळल्यास तो त्यातून निसटण्याचा संभव असतो. घरी आणल्यावर जमिनीपासून वीतभर उंचीवर पट्ट्यात लोंबकळून पाहावे. कोठे रुततो, कोणती कडी कोठे येते, हे त्याच वेळी कळते.

दोराच्या बाबतीत काटकसर करू नये. विहिरीवर झिजलेला काथ्याचा दोर किंवा बैलगाडीचा सोल या कामी वापरू नये. गिर्यारोहणाच्या किंवा उंचावरील कामाच्या दर्जाचा नायलॉनचा दोर घ्यावा.

वापरण्याची रीत

दोर कोठे बांधला, यावर पट्ट्याचा उपयोग अवलंबून असतो. दीड मीटरचा दोर पायांजवळ बांधला, तर माणूस तीन मीटर पडल्यानंतर तो ताणला जातो. तोच दोर डोक्यावर, फारसा सैल न ठेवता बांधला, तर पडणे हातभरावर थांबते. झटका शोषणारी घडी असलेला दोर उलगडण्यासही खाली मोकळी जागा लागते. झाड ठेंगणे असल्यास तेवढी जागा मिळत नाही, म्हणून आधार डोक्यावर घेणे हाच उत्तम नियम होय. हा आधार फळांच्या फांदीला कधीही घेऊ नये. मुख्य खोड किंवा त्याला फुटलेली जाड, जिवंत, कीड न लागलेली फांदी जेथे खोडाला मिळते, त्या बेचक्याच्या वर तो घ्यावा.

सोयीची रीत अशी की, वजन बांधलेली सुतळी उंच बेचक्यावरून टाकून तिच्या साहाय्याने जीवनदोर वर ओढून घ्यावा, आणि माणसाचा आखूड दोर त्याला प्रुसिक गाठीने जोडावा. ऑस्ट्रियाचा गिर्यारोहक कार्ल प्रुसिक याने १९३१ साली प्रसिद्ध केलेली ही गाठ मोकळी असताना हाताने सरकते आणि भार येताच आवळते. एक आधार सोडण्यापूर्वी दुसरा जोडता यावा, म्हणून दोन आखूड दोर बाळगावेत.

एकट्याने झाडावर चढू नये. पट्ट्यात निश्चल लोंबकळणाऱ्या माणसाच्या पायांत रक्त साठते आणि थोड्याच मिनिटांत त्याची शुद्ध हरपू शकते. पाय टेकविण्यास दोरीचा एक फास जवळ असावा आणि खाली उतरवून घेणारा माणूस व दुसरा दोर तयार असावा. कोणी पडलाच, तर त्याला हातापायांना धरून रिक्षात कोंबू नये. मान व पाठ सरळ ठेवून त्यास फळीवर घ्यावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. एकदा पडण्याचा झटका खाल्लेला पट्टा बाद करावा. पट्टा सावलीत टांगावा. फवारणीची औषधे किंवा बॅटरीचे तेजाब यांच्या शेजारी ठेवू नये.

खर्च कोणी करावा

आमचे वाडवडील असेच चढत आले, पट्ट्याने हालचाल अडते, असा आक्षेप घेतला जातो. पहिल्या एकदोन दिवशी काम मंदावते, हे खरे आहे. परंतु वाडवडिलांपैकी जे पडले, ते आज आक्षेप घेण्यास उरलेले नाहीत, हेही तितकेच खरे. शिवाय आधाराची खात्री असलेला माणूस धीराने काम करतो, घाईने फांदी मोडीत नाही व फळही कमी सांडतो. पालघर जिल्ह्यातील बहाडोलीस झाडाभोवती बांबूची परांची उभारून जांभूळ उतरवितात. जेथे अशी परांची परवडते, तेथे ती अवश्य बांधावी. पट्टा मात्र तिच्यावरही हवाच.

खरा प्रश्न खर्चाचा नसून जबाबदारीचा आहे. झाड एकाचे, मक्ता दुसऱ्याचा आणि चढणारा तिसराच, बहुधा भूमिहीन आदिवासी मजूर असतो. २०२३ पासून राज्यात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना लागू झाली. तिचा आधार खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एक व्यक्ती यांच्यासाठी आहे. ज्याच्या नावे सातबारा नाही, तो चढणारा त्यातून सुटतो. नारळ विकास मंडळाने नारळावर चढणाऱ्यांसाठी केरा सुरक्षा विमा योजना काढली. जांभळावर चढणाऱ्यासाठीही तशीच तरतूद व्हावी, ही मागणी उत्पादकांच्या संघटनांनी आवर्जून मांडावी. इमारतीच्या परांचीवरील कामगाराच्या सुरक्षेची जबाबदारी १९९६ सालच्या कायद्याने मालकावर टाकली. बदलापुरात इमारतीच्या बाहेरील अंगास रंग देणारा मजूर पट्टा बांधून काम करतो आणि तिच्याच कुंपणालगतच्या जांभळीवर दुसरा मजूर मोकळ्या अंगाने चढतो, ही विसंगती शोभणारी नाही.

चांगला पट्टा काही हजार रुपयांत मिळतो व नीट जपल्यास अनेक हंगाम टिकतो. तो मजुराने आपल्या मजुरीतून घ्यावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. झाडाचा मालक व मक्तेदार यांनी तो मिळून घ्यावा, आणि लहान बागायतदारांनी गटाने दोन-तीन संच घेऊन आळीपाळीने वापरावेत. मक्ता ठरविताना दरासोबत हीही अट लिहून घ्यावी, आणि पट्ट्याशिवाय कोणासही झाडावर चढू देऊ नये. रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी ही तयारी पुरी झाली, तर शिरगावच्या जांभळीखाली मृगात टोपल्या भरतील आणि त्या भरणारे हातही संध्याकाळी धडधाकट घरी परततील.