नवा पंप नंतर, आधी जाळी

राळेगणसिद्धी पाहायला येणारे बहुतेक जण यादवबाबांच्या मंदिरात माथा टेकतात, पाझर तलावाच्या बांधावर फोटो काढतात आणि ‘आमच्याही गावाला असा तलाव हवा’ म्हणत गाडीत बसतात. तलाव तर राळेगणला आधीपासूनच होता. १९७२च्या दुष्काळात सरकारने तो बांधून दिला होता, पण तो पाणी धरत नव्हता. पावसाळ्यात भरायचा आणि गळून रिकामा व्हायचा. १९७५ साली लष्करातून गावी परतलेल्या अण्णा हजारे यांनी नव्या तलावासाठी अर्ज केला नाही. गाव श्रमदानाला उतरलं, गळती बंद झाली आणि तलावाखालच्या सात विहिरींना उन्हाळ्यातही पाणी टिकलं. वर्षाकाठी जेमतेम ४००-५०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या पारनेर तालुक्यातल्या या गावाचा नंतर जगभर झालेला बोलबाला एका दुरुस्तीपासून सुरू झाला, एवढीच बाब पाहुण्यांच्या वहीत लिहायची राहून जाते.

राहणारच. दुरुस्तीला नारळ फुटत नाही. नव्या पंपाचं उद्घाटन होतं, कोनशिला बसते, बातमी येते. पंपाची जाळी साफ केली म्हणून कुणाच्या नावाची पाटी लागल्याचं महाराष्ट्रात अजून कुणी पाहिलेलं नाही.

दुरुस्तीची शिस्त पाहायची असेल तर थोडं लांब, समुद्रावर जायला हवं. लांब पल्ल्याच्या शिडाच्या बोटीवर छोटंसं न्हाणीघर असतं आणि त्याची जमीन बऱ्याचदा बाहेरच्या समुद्राच्या पातळीखाली असते. घरातलं आंघोळीचं पाणी उताराने मोरीतून निघून जातं. बोटीत त्याला उतारच नसतो. खाली भोक पाडलं तर पाणी बाहेर जाण्याऐवजी समुद्रच आत येईल. म्हणून न्हाणीघराच्या फळीखाली एक प्लॅस्टिकचा डबा बसवतात. आंघोळीचं पाणी जाळीतून त्यात उतरतं, पाणी चढलं की तरंगता खटका वर उचलला जातो, बॅटरीवरचा १२ व्होल्टचा पंप सुरू होतो आणि पाणी नळीतून बोटीच्या कडेला, समुद्राच्या पातळीच्या वर, बाहेर फेकलं जातं. फेकलेलं पाणी माघारी येऊ नये म्हणून नळीत एकाच दिशेने उघडणारी झडप असते. एवढाच पसारा. आणि बोटीवर सगळ्यात जास्त वैताग देणाऱ्या वस्तूंत याचा नंबर फार वरचा.

बिघाड बहुधा मोटरीत नसतोच. डब्याचं झाकण उघडलं की आत काय आहे ते नाकालाच आधी कळतं. साबणाचा करडा साका, त्यात गुरफटलेले केसांचे पुंजके आणि त्या लगद्यात रुतून बसलेला खटका. पाणी घोट्यापर्यंत आलं तरी खटका वर येत नाही, पंप गप्प. किंवा उलट, खटका वरच अडकून राहतो, पंप कोरडाच फिरत बसतो आणि सकाळपर्यंत बॅटरी उतरवतो. जाणता माणूस पहिल्यांदा बोटाने खटका उचलून पाहतो आणि कान देतो. पंप घरघरला तर मोटर, वायर, फ्यूज सगळं ठीक, दोष खटक्याचा. नाही घरघरला तर फ्यूज पाहायचा, मग वायरींचे जोड, कारण खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवा गंज चढतो आणि व्होल्टेज वाटेतच मरतं. पंप फिरतोय पण पाणी जात नाही, असं असेल तर जाळी, पंपातला पंखा, नळीतली झडप, याच क्रमाने. पडद्याचा पंप असेल तर ओढनळीच्या क्लॅम्पपाशी हवा शिरते का तेही तपासायचं. फुकटातल्या तपासण्या आधी, पैशाच्या नंतर. नवा पंप यादीत सगळ्यात शेवटी.

ही शिस्त अंगी येते ती नाइलाजाने. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली ५६ फुटी ‘म्हादेई’ घेऊन नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९मध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१०मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. एकट्याने शिडाच्या बोटीतून जगाला फेरी मारणारे ते पहिले भारतीय. अशा सफरीत काही बिघडलं तर मिस्त्री यायचा नसतो. म्हणूनच दोंदे बोटीच्या बांधणीतही पहिल्यापासून गुंतलेले होते. नळी बसवताना जो हजर असतो, ती कुठे तुंबेल हेही त्यालाच ठाऊक असतं.

यातलं काहीही पारनेरच्या शेतकऱ्याला नवं नाही. विहिरीवरची मोटर पाणी उचलेना की तो आधी स्टार्टर पाहतो, फेज गेलाय का विचारतो, मग सक्शन पाइपच्या जोडातून मोटर हवा घेतेय का पाहतो. त्यानेही भागलं नाही तर पाइप वर ओढून फूटव्हॉल्व्हमधला पालापाचोळा काढतो. मोटर जळालीच असेल तर भरायला टाकतो. सगळं क्रमाने, कारण खिसा स्वतःचा. गंमत म्हणजे हाच माणूस गावच्या पाणीपुरवठा समितीत बसला की पंप बंद पडल्याच्या तिसऱ्या दिवशी नव्या पंपाच्या अंदाजपत्रकावर सही करून मोकळा होतो. तिथे झाकण उघडून पाहायची जबाबदारी कुणाचीच नसते आणि दोनशे रुपयांच्या वॉशरसाठी खर्चाचं शीर्षच सापडत नाही. लाखाच्या पंपासाठी सापडतं.

आता तर हे प्रकरण घरोघर येणार आहे. १५ ऑगस्ट २०१९ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी रोज किमान ५५ लिटर पाणी नळाने द्यायचं ठरलं. पाच जणांच्या घरात हे झाले २७५ लिटर. यातलं पिण्यात आणि रांधण्यात जातं ते थोडं. मोठा हिस्सा आंघोळ, धुणं, भांडी करून दारातून बाहेर पडतो. पाणी आत आणायच्या योजनेवर जेवढी चर्चा झाली, तिच्या पावपटही चर्चा ते बाहेर कुठे जाणार यावर झाली नाही. मग कुणी तरी गटारं सुचवतं, गटारांच्या टोकाला हौद आणि हौदावर पंप. ज्या गावाला निसर्गाने उतार दिलाय, तिथे बोटीवरची लाचारी विकत घ्यायची ही हौस अनाकलनीय आहे.

नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने वेगळं केलं. घरापाशी साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, त्यात भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. आंघोळीचं पाणी जागच्या जागी जिरतं. वीज नाही, मोटर नाही. उघड्या नाल्या गेल्या तसे डासही गेले, आणि पुढे जिल्ह्यातल्या इतर गावांनी हेच खड्डे घेतले. मात्र या खड्ड्यालाही बोटीवरच्या डब्याचाच शाप आहे. केस, साबणाचा साका आणि खरकटं थेट आत गेलं तर दगडांमधल्या फटी बुजतात आणि खड्डा पाणी पिणं सोडून देतो. त्यासाठी खड्ड्याआधी छोटा चेंबर आणि मोरीत जाळी असलेला नहाणी ट्रॅप हवा, आणि तो अधूनमधून हाताने साफ करायला हवा. खड्डा खणायला अनुदान मिळतं. ट्रॅप साफ करायला मिळत नाही, आणि मिळूही नये. ते ज्याचं त्याने करायचं काम आहे.

दुरुस्तीचा हट्ट आंधळा नसावा, हेही खरं. दोनदा भरलेली जुनी मोटर वीज जास्त खाते आणि तिसऱ्यांदा भरण्यापेक्षा नवी घेतलेली परवडते. बोटीवरचे काही पंप सीलबंदच येतात, उघडले तर फुटतात. मुद्दा नव्या पंपाला विरोधाचा नाहीच. जुना का बंद पडला हे न शोधता आणलेला नवा पंप त्याच लगद्यात जाऊन बसतो आणि त्याच कारणाने मरतो, एवढाच आहे.

जबाबदारी कोणाची हे आधी ठरवावं लागतं, हे राळेगणला कळलं होतं असं म्हणायला जागा आहे. सामुदायिक विहिरी, कुकडी कालव्याचं पाणी उचलणारी गावाची योजना, उसासारख्या पिकावर बंदी हे सारं तिथे टिकलं ते पाणी कोणाच्या ताब्यात आणि वाटप कोण करणार हे ठरलेलं असल्यामुळे. शेतीपंपांना दिवसा वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेचा सुरुवातीचा प्रयोगही याच गावात झाला. सोय मोठीच आहे, रात्रीची जागरणं वाचली. पण फूटव्हॉल्व्हमधला कचरा सूर्यप्रकाशाने निघत नाही.

ग्रामपंचायतींना करायला फार थोडं आहे. पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्याला वेळेवर पगार आणि त्याच्या हातात किरकोळ खर्चाची रक्कम द्यावी. पंपघरात एक पेटी असावी: फूटव्हॉल्व्ह, ग्लँडची दोरी, कपॅसिटर, फ्यूज, वॉशर. भिंतीवर पाइपलाइनचा नकाशा आणि साफसफाईच्या तारखांची वही लटकवावी. नव्या पंपाच्या प्रस्तावासोबत जुन्याची तपासणी कोणी केली, काय सापडलं, हे एका कागदावर लिहून जोडणं बंधनकारक करावं. पुढच्या ग्रामसभेत पंपाचा विषय निघाला तर अंदाजपत्रक वाचायच्या आधी कुणीतरी उठून विचारावं, की जाळी शेवटची कधी आणि कोणी साफ केली होती. उत्तर येईपर्यंत मंजुरी देऊ नये.